बसल्या माणसाचं माप

उभ्या माणसाचं माप खोटं असतं, असं मास्तर म्हणायचे. वाक्य भिंतीवर लावण्याच्या योग्यतेचं आहे, आणि मी ते कागदावर लिहून आमच्या कंपनीच्या लॅबमध्ये काही दिवस लावलंही होतं. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी ते दोनदा वाचलं, गंभीरपणे मान हलवली आणि कुणाचं वचन आहे म्हणून विचारलं. एका शिंप्याचं आहे, पँटबद्दल आहे, असं सांगितल्यावर त्यांनी तो कागद काढायला लावला.

पँट मात्र साधी नव्हती. मी पालघरला राहतो आणि बोईसरला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका रसायनांच्या कारखान्यात नमुने तपासतो. जाणं-येणं मोटरसायकलवर. चार महिने पाऊस रस्त्यावरून आडवा येतो आणि साध्या रेनकोटाला तो जुमानत नाही, म्हणून मी ऑनलाइन रायडिंग पँट मागवली. जाड, काळी, गुडघ्यावर टणक गादी, आत पाणी अडवणारा एक पातळ पापुद्रा. ती ज्या मापाने शिवली होती त्या मापाचा माणूस आपल्याकडे जन्माला येत नाही. कंबर माझी होती, पाय बगळ्याचे होते. गुडघ्याची गादी माझ्या नडगीवर यायची. पडलो असतो तर नडगी सुखरूप राहिली असती. बोईसर स्टेशनजवळच्या एका टेलरने पँट उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. "इसमें सुई लगाया तो चालनी बन जाएगा साहब. सरावली में मास्टर है, उसके पास जाओ. लेकिन टाइम लेके जाओ."

वेळ घेऊन जा म्हणजे काय, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

सरावलीच्या एका चाळीच्या तोंडाशी पत्र्याचा अरुंद गाळा होता. आत शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल आणि मास्तर, एवढंच मावायचं. मास्तर पंचावन्नच्या पुढचे, सडपातळ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मूळचे आटपाडीकडचे. एकोणीस वर्षांपूर्वी इथल्या एका कंपनीत कामगारांचे गणवेश शिवायला आले. कंपनी बंद पडली, मास्तर राहिले. माझी त्यांची ओळख शेवटच्या सहा वर्षांतली. तोवर त्यांच्या बोलण्यातलं माणदेशी 'न्हाय' झिजून बोईसरचं 'नाय' झालं होतं. घरून फोन आला की ते पुन्हा 'न्हाय' व्हायचं.

गाळ्यातली पाहण्यासारखी वस्तू म्हणजे घोडा. लाकडी चौकटीवर त्यांनी भंगारातली मोटरसायकलची सीट ठोकली होती, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला लोखंडी दांडे. गिऱ्हाइकाने पँट घालून त्यावर बसायचं. गुडघा वाकला की कापड कुठे चढतं, मांडीत कुठे ओढतं, गादी कुठे सरकते, हे बसल्यावरच कळतं. आत उजेड नसल्यामुळे मापाच्या वेळी घोडा दारात ओढला जाई. म्हणजे गिऱ्हाईक तोंड रस्त्याकडे करून, हात हवेत हँडल धरल्यासारखे ठेवून, मोटरसायकल नसलेल्या मोटरसायकलवर बसे. शिफ्ट सुटून जाणारे कामगार थांबत. "क्या साहब, कहाँ तक पहुँचे?" असं मला एकदा विचारण्यात आलं. मी उत्तर दिलं नाही, कारण मास्तरांनी बजावलं होतं, हसायचं नाय, हसलं की पोट आत जातं.

टाचण्यांना त्यांच्याकडे बंदी होती. "ह्या कापडाला टोचलेलं सोसत नाय," ते म्हणायचे. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला दिलेलं आमंत्रण. म्हणून ते जास्तीचं कापड कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी धरत, आणि जिथे पक्की शिवण पडणार त्याच रेषेवर अंगावरच कच्चा टाका घालत. मांडीपासून पोटरीपर्यंत असा टाका पडला की पाऊल त्यातून बाहेर येत नसे. मग उतरायचं नाही, वळायचं नाही. मास्तर चहूबाजूंनी बघणार, खडूने खुणा करणार, पुन्हा बघणार. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा एक तास दहा मिनिटं बसलो होतो.

"मास्तर, जरा हललो तर चालेल का?"

"नाय."

"श्वास?"

"श्वास घ्या की. श्वासाला कोन नाय म्हणतंय?"

गिऱ्हाईक दारात अडकलं की मास्तर आत अडकायचे, कारण घोडा ओलांडून बाहेर जायला जागाच नसे. चहा रस्त्यावरून माझ्या हातात यायचा आणि मी तो खांद्यावरून मागे द्यायचा. आम्हा दोघांना ही व्यवस्था विचित्र वाटत नसे, हे आता विचित्र वाटतं.

पक्की शिवण घातली की ते तिच्यावर आतून पाणी अडवणारी पट्टी ठेवत, वर वर्तमानपत्राचा कागद आणि त्यावर इस्त्री. नंतर परीक्षा. पायाचं टोक सुतळीने आवळून बांधायचं, त्यात वरून बादलीभर पाणी ओतायचं आणि तो तट्ट फुगलेला पाय बाहेरच्या हुकाला टांगायचा. खाली कोरडी फरशी. मास्तर स्टूल घेऊन समोर बसत आणि फरशीकडे बघत. एखादा थेंब पडला तर चेहरा असा होई, की जाऊन खांद्यावर हात ठेवावा. मग सगळं पुन्हा उसवणं.

उसवणं हाच त्यांचा खरा धंदा होता. पँट हातात आली की माप, तारीख, नाव वगैरे नंतर. आधी अर्ध्या ब्लेडने बाजूची शिवण मोकळी. "उसवल्याबिगर कापड खरं बोलत नाय." या सवयीला जोडून दुसरा नियम होता, आणि तो त्यांना महाग पडला. उसवलेलं टाकून जायचं नाही. त्यांच्या गुरूने, आटपाडीच्या बाजारात बसणाऱ्या एका म्हाताऱ्या शिंप्याने, सांगितलं होतं की कापडाला आपण उघडं केलं, तर झाकायचंही आपणच. मास्तरांनी हे इतकं मनावर घेतलं होतं की गाळ्यात एक जरी पँट उसवलेली असली, तरी ते गावी जाणारी गाडी धरत नसत. आणि एक तरी पँट कायमच उसवलेली असे.

गावी त्यांची बायको होती. एकोणीस वर्षांत त्यांचा संसार वर्षाला वीसेक दिवस झाला होता. तीन वर्षांपूर्वी त्या बाईने एस. टी. स्टँडजवळ एक गाळा घेतला, मशीन आणून ठेवलं, फळी ठोकली आणि नवऱ्याला कळवलं, की आता तिथं बसायचं कारण उरलं नाही. मास्तरांनाही जायचं होतं. मोबाइलमध्ये त्या गाळ्याचा फोटो होता: निळं शटर, बंद. मास्तर तो फोटो प्रत्येकाला दाखवत. "ह्या दसऱ्याला उघडनार." ते दसरे तीन झाले.

याला कारण आम्ही. आमच्या वसाहतीत मोटरसायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे. रविवारी पहाटे जमायचं, मासवणवरून मनोरला जायचं, मिसळ खायची आणि परत यायचं. याला आम्ही मोहीम म्हणतो. ग्रुपचा प्रमुख खरेदी विभागातला आहे आणि त्याला कॅप्टन म्हणतात. हे नाव त्याने स्वतःच सुचवलं होतं. मास्तर दसऱ्याला जाणार हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कॅप्टनने त्यांचा जाहीर सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, फुलांचा गुच्छ, आणि 'ग्रुपचे मानद सदस्य' असं लिहिलेली एक चकचकीत पाटी. कॅप्टन पंचवीस मिनिटं बोलला. मास्तर एक वाक्य बोलले: "तुमी मला मोठं केलंत." दुसऱ्या दिवशी चार सदस्य चार पँटी घेऊन गेले. अंगावर शाल घेतलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. त्या वर्षी ते गेले नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा निरोप समारंभ झाला, पुन्हा शाल आणि पुन्हा पँटी. तिसऱ्या वर्षी मास्तरांनी जाणार हे कुणाला सांगितलंच नाही, पण कॅप्टनला कुठून तरी कळलं. एका माणसाला इतक्या वेळा निरोप देऊन जागेवर ठेवण्याचं कसब माझ्या माहितीत दुसऱ्या कुठल्या संस्थेकडे नाही.

मी सत्कारांना हसायचो. पण त्या तिसऱ्या वर्षी दसऱ्याच्या चार दिवस आधी मीही गेलो होतो. गाळा झाडून काढलेला होता. मशीनवर चादर, टेबलावर दोन बॅगा, एकही पँट नाही. मास्तर जवळजवळ तरुण दिसत होते.

"नवीन घेतली, जुनी चाकात अडकून फाटली," मी म्हणालो. "करायला नको. नुसती बघा."

"साहेब, आज नाय. परवा सकाळची गाडी हाय."

"बघायला काय होतंय?"

मी पँट टेबलावर ठेवली, दोन बॅगांच्या मध्ये. ते तिच्याकडे बघत नव्हते. मग त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं, आत हात घालून पट्टी चाचपली. "आतली पट्टी दुहेरी दिलीया," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांच्या हातात ब्लेड कधी आलं ते मला दिसलं नाही, असं मी बरेच दिवस सांगत आलो. दिसलं होतं. मी गप्प बसलो. मिनिटभरात गुडघ्यापर्यंतची शिवण मोकळी झाली, आणि त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नेमाप्रमाणे आता गाडी चुकणार होती. गाडीच्या वेळेपर्यंत आणखी दोघे येऊन गेले, आणि बॅगा टेबलाखाली गेल्या.

ती पँट मला अर्धवटच मिळाली. दोन्ही पाय एकदम करायचे नाहीत, हा त्यांचा शिरस्ता होता. एक पुरा करून गिऱ्हाइकाला आठ दिवस पावसात वापरायला लावायचा, मग दुसरा. एक चुकला तर एक वाचतो. पण पाऊस संपला होता, म्हणून माझ्या उजव्या पायाची परीक्षा पुढच्या जूनवर गेली. जूनमध्ये तो पास झाला. डावा तोवर उसवलेलाच, नुसत्या कच्च्या टाक्यावर होता. डावा करायला मी फोन करत राहिलो आणि ते "या, या" म्हणत राहिले. शेवटी गणपती गेल्यावर एका बुधवारी मला घोड्यावर बसवलं. दुपार होती, पाऊस रिमझिम. डाव्या मांडीवर अकरा चिमटे आणि पोटरीपर्यंत कच्चा टाका पडला होता, तेव्हा रस्ता ओलांडून एक बाई समोर आल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी, छत्री मिटलेली. माझ्यासमोर येऊन थांबल्या आणि माझ्या डोक्यावरून आत बघत म्हणाल्या,

"अवो, ऐकताय न्हवं?"

माझ्या पायापाशी बसलेल्या मास्तरांच्या हातातली सुई थांबली. "आगं, तू? हितं कशी?"

"एस. टी.नं. मग रेल्वेनं. ईचारत ईचारत. भाईर या."

"येता येत न्हाय. गिऱ्हाईक हाय दारात."

"त्यास्नी म्हनावं, जरा उटा."

"त्येंना उटता येत न्हाय. शिवलंय."

बाईंनी आता मला नीट पाहिलं. हवेत धरलेले माझे हात पाहिले. ते मी खाली घेतले.

"कवापासनं बसलाईसा?"

"तासभर झाला," मी म्हणालो.

"मी एकोणीस वर्सं," त्या म्हणाल्या, आणि पायरीवर बसल्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या. पिशवीतून किल्ली काढून त्यांनी मांडीवर ठेवली. गावच्या शटरची असावी. "चार दिस रोज शटर उगडून बसले. लोक येऊन ईचारत्यात, मास्तर कुटं गेल्यात. काय सांगू त्यास्नी?"

"ह्यो एक पाय झाला की निगतो. हिकडं आनखी अकरा पँटी उसवल्याल्या हायत, त्या..."

"मंजी न्हाय येनार."

"तसं न्हाय गं..."

मास्तरांना पुढे येता येईना, बाईंना आत जाता येईना. मधे मी होतो. असं मधे बसून कारखान्यातल्या बैठकांत मी पुष्कळ वेळा छताकडे बघितलं आहे, पण इथे छत मागे राहिलं होतं आणि समोर फक्त त्या होत्या. त्यांनी विचारलं ते मलाच.

"दादा, तुमाला लई घाई हाय का ओ ह्या पायाची?"

प्रश्न सरळ होता. पावसाळ्याचे अजून तीन आठवडे होते. रोज पालघर ते बोईसर. सहा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मास्तरांनी तर नाहीच, कारण त्यांच्या लेखी गिऱ्हाइकाला घाई असतेच.

"नाही," मी म्हणालो. "तशी घाई काही नाही."

"घाई नाय?" मास्तर मागून उसळले. "आवो, महिन्यात तीन येळा फोन केलासा! काल म्हनालात, मोजा भिजला!"

"मोजे आहेत घरी दुसरे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची वस्तू चोरली आहे. घाई नाही, हे वाक्य त्या गाळ्यात आजवर कुणी उच्चारलं नसावं. बाई उठल्या आणि माझ्या खांद्यावरून हात पुढे केला. "कात्री द्या." मास्तर हलले नाहीत. "द्या म्हनते ना. आदी त्यास्नी सोडा."

कात्री माझ्या कानाजवळून पुढे गेली. बाईंनी माझ्या पोटरीपासून वर टाका कापत आणला, अकराही चिमटे एकेक करून काढले आणि माझ्याच हातात दिले. कापडाला कुठेही धक्का लागला नाही. त्यांनाही शिवणकाम येत होतं, हे मास्तरांनी कधी सांगितलं नव्हतं. मी घोड्यावरून उतरलो. पाय बधिर झाला होता, म्हणून उतरणं फारसं शोभिवंत झालं नाही. घोडा बाजूला ओढला आणि मास्तर बाहेर आले. बायकोसमोर उभे राहिले. "जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

पुढचे दोन दिवस गाळा बाईंनी चालवला. प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन लावायचा आणि पँट आहे तशी परत द्यायची. मास्तर आत इस्त्रीच्या टेबलावर पाठमोरे बसून राहत. उसवलेला कपडा असा दाराबाहेर जाताना त्यांना बघवत नसे. "उसवलंय, फाटलेलं न्हाय," बाई सांगत. "कुटंबी शिवून मिळंल." कॅप्टन स्वतः आला. मास्तरांसारख्या कलावंताला असं जाऊ देणं ग्रुपला शोभत नाही, रविवारी छोटासा समारंभ ठेवू, असं म्हणाला.

"शाल देनार?" बाईंनी विचारलं.

"अर्थात."

"तीन हायत. आमच्याकडं थंडी चारच दिस असती."

कॅप्टनला पँट मिळाली. त्याने ती घडी करून काखेत मारली आणि गेला. त्याला इतकं थोडक्यात आटोपताना मी तेव्हाच पाहिलं.

शनिवारी सकाळी ते गेले. मशीनचं डोकं पोत्यात गुंडाळलेलं, दोन बॅगा, बाईंची पिशवी. घोडा न्यायचा म्हणून मास्तरांनी एकदा विषय काढला. बाईंनी नुसतं बघितलं. मी रिक्षापर्यंत गेलो. मला काहीतरी बोलायचं होतं, त्या टेबलावर ठेवलेल्या पँटबद्दल. पण मास्तरांनीच मला बाजूला घेतलं. "साहेब, एक सांगू? तुमचा डावा पाय माझ्या डोक्यातनं जाईना."

"माझ्यामुळेच राहिलात तुम्ही, मागच्या दसऱ्याला."

"तुमच्यामुळं कशाला? ब्लेड माझ्या हातात होतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला कुनी निगा म्हनत न्हवतं, साहेब. गिऱ्हाईक म्हनायचं बसा, मी गिऱ्हाइकाला म्हनायचो बसा." रिक्षातून बाईंनी हाक मारली आणि ते गेले.

गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. ग्रुपच्या पँटी बोईसर, विरार, कुठे कुठे जाऊन शिवून झाल्या, काही तशाच पडल्या. कॅप्टनने मोहिमा हिवाळ्यात ठेवायचं ठरवलं आहे. दसऱ्याला मी फोन केला. मागे मशीन चालू होतं, एस. टी.चा हॉर्न ऐकू येत होता. काय शिवताय म्हणून विचारलं. "पोलकी. पोरांच्या शाळेची खाकी. आनि ही उसवून देती, मी शिवतो." उसवलेलं राहतं का संध्याकाळी, असंही मी विचारलं. "राहतं की," मास्तर म्हणाले. "ती दिवा बंद करती." आणि जेवायला हाक आली म्हणून फोन ठेवला.

एका माणसाला घरी पोचवण्यात आपला खारीचा का होईना वाटा आहे, अशी माझी समजूत झाली होती आणि ती मी हिवाळाभर जपली. मग पावसाळा आला. पँट मी अजून तीच वापरतो, डावा पाय बोईसरला शिवून घेतलेली. डाव्या पायात पाणी जातं.